मुरबाडच्या पेठेची कार्डं

शहापूर. सन १९४२. गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या दिवशी

वही वत्सलेची. लग्न होऊन धसईला गेली तेव्हा अर्धी कोरी टाकून गेली. मी मराठी दुसरी शिकलेली, तीही पुरती नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण बोलू कोणाशी? लग्न झाल्यापासून दुकान बंद केलं की दिवसभराचं सगळं मी ह्यांच्या कानावर ओतायची. कोण कसं वागलं, कोणाच्या सुनेनं काय केलं. हे ऐकायचे. आता ऐकणारा माणूस समोर बसलेला आहे आणि नाही. म्हणून वही.

आषाढात ह्यांना हिवताप आला, तो डोक्यात गेला. ताप खाली उतरला, माणूस वरच राहिला. आमची भडभुंज्याची भट्टी आहे पेठेत. पुढं दुकान, मागं आम्ही. वाळूवर नुसता तळहात धरून ताव ओळखायचे हे. चुरमुरा कधी करपला नाही. आता सकाळ झाली की टोपी घालून दारात उभे. "घरी चला." मी सांगते, हेच घर. मग मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक बघतं तसं माझ्याकडे बघतात. दुसरा शब्द नाही.

मला ओळखत नाहीत. लिहून टाकलं, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

काल ह्यांचा धाकटा भाऊ धर्मा मुरबाडहून आला. शेती करतो तिथं, वडिलांच्या घरात. जेवला, हात धुतला आणि म्हणाला, "वैनी, दादा घरी मागतोय. घर म्हंजे मुरबाड. मी नेतो त्याला."

"आणि भट्टी कोण बघील? तुझा बाप?"

"माझा बाप तो त्याचाबी बाप, वैनी." हसला मेला. मग गंभीर झाला. "माणूस जिथं जल्मला तिथं त्याला बरं वाटतं. तुमीबी चला. देवकी तुमाला काय नको म्हननार नाय."

देवकी त्याची बायको. तिच्या चुलीशी पाव्हणी होऊन बसायला मी काय रस्त्यावर पडलेय? मी म्हटलं, "ओळखतील मला. वेळ लागतोय, एवढंच."

"बरं. भातं झोडून होईस्तोवर थांबतो. पौषात येतो. तवर दादानं तुमाला वळखलं तर माझं कायच म्हननं नाय."

मनात काय आहे त्याच्या कोण जाणे. भाऊ लाडका होता म्हणतात. लाडका होता तर तापात एकदाच का आला?

अविधवा नवमी

आज कायतरी झालं. नीट लिहिते.

पुड्या बांधायला आम्ही रद्दी घेतो. कल्याणचा लडकू डोक्यावर गठ्ठा घेऊन येतो. लढाईमुळे कागद मिळेनासा झालाय, म्हणून तो काय वाट्टेल ते त्यात कोंबतो. आजच्या गठ्ठ्यात कुठल्या बंगल्यातली जुनी टपालाची कार्डं निघाली, एका अंगाला फोटो असलेली. जाड. त्याची पुडी वळत नाही. मी लडकूला चार शब्द ऐकवले आणि कार्डं भट्टीच्या तोंडाशी पेटवणाला फेकली.

हे तिथं बसलेले. त्यांनी एक उचललं. उलटं धरलं, सुलटं धरलं. आणि म्हणाले, "अत्तरवाला."

माझ्या हातातली चाळण पडली.

"हा खोजा. हा कासार. इथं पायरी तुटलेली, कासाराची."

मी कार्ड बघितलं. रस्ता. दोन्ही अंगांना कौलारू दुकानं, पुढं पडव्या. मधे बैलगाडी, बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं. एक पागोटेवाला छत्री मिटून उभा, जसा काही रस्ता त्यानंच बांधलाय. एक कुत्रा, त्याला दोन तोंडं. फोटो काढताना ज्यांनी दम धरला ते उमटले, जे हलले त्यांचा धूर झाला. अशा एका धुरावर ह्यांनी बोट ठेवलं.

"मी."

"इथं कुठं माणूस आहे? धूर आहे तो."

"पळत होतो," म्हणाले. हसले. दोन महिन्यांनी हसले.

मुरबाडची पेठ ती. मी भट्टीतून बाकीची कार्डं काढायला हात घातला, दोन बोटं भाजली. त्यात मुरबाडचं एकच निघालं, ते ह्यांच्या हातातलं.

घटस्थापना

लडकूला सांगून ठेवलं, मुरबाडच्या पेठेची कार्डं मिळतील तिथून आण.

"काय गो वैनी, कार्डं तळून खाता काय आता? कागदाची टंचाई हाये तरी इतकी नाय."

"तुला काय करायचंय? तू आण."

आज घेऊन आला. भिवंडी, वसई, पुणे, कुठलं तरी साताऱ्याचं. सगळीकडे तीच कौलं, तीच गाडी, तोच छत्री घेतलेला दीडशहाणा. मला तर फरक दिसेना. ह्यांनी एकेक बघून बाजूला ठेवलं, नासका चणा बाजूला काढतात तसं. मुरबाडचं नाही ते नाहीच. लडकूला मी झापलं. तो म्हणतो, "वैनी, रस्ता तो रस्ता. मानूस बदलतो, रस्त्याला काय नाव लिवलेलं आसतं?" लिहिलेलं असतं रे बाबा. इंग्रजीत. मला वाचता येत नाही आणि तुलाही नाही, म्हणून तर हे हाल.

पाय दुखतात. दिवसभर भट्टी, मग ह्यांची आंघोळ, मग ह्यांना दारातून आत आणायचं, पुन्हा आणायचं.

दसरा झाल्यावर

वरच्या आळीत गुप्ते पेन्शनर आहेत. कचेरीत होते, गावोगाव बदल्या झालेल्या. त्यांच्याकडे कार्डांचं पुस्तक आहे असं कळलं. गेले.

पुस्तक खरंच आहे. जाड काळी पानं, चार कोपऱ्यांत खाचा, खाचेत कार्ड. जिथं नोकरी केली त्या प्रत्येक गावची पेठ त्यांनी जमवलीय. हात धुवून आले तरच पान उलटू देतात. माझे हात धुवून काळेच राहतात, भट्टीचे. म्हणून पानं त्यांनीच उलटली.

"हे तिकीट बघ. एडवर्ड बादशहा. म्हणजे चाळीसेक वर्षांची झाली. एक पारशी फोटोवाला कल्याणहून पेटारा घेऊन फिरायचा. साहेब लोक विलायतेला पाठवायचे, बघा आम्ही कुठल्या रानात राहतो म्हणून. तू कशाला जमवतेस? तुला ह्यातलं काय कळतं?"

"मला काय कळत नाय. ह्यांना कळतं."

मग सगळं सांगितलं. पेन्शनरांनी पान उलटलं. मुरबाडची दोन होती. एक पेठेची वरची बाजू, एक खालची. बराच वेळ ती दोन पानं उघडी ठेवून बसले. मग म्हणाले, "रोज पावशेर डाळं पाठवशील? भाजलेलं, सोललेलं, गरम. दात नाहीत मला."

"दात नायत तर डाळं कशाला?"

"वासासाठी."

माणूस येडा आहे, पण कार्डं दिली. खाचेतून काढताना प्रत्येक कार्डावर फुंकर मारली त्यांनी. नाटकी.

कोजागरी

दोन्ही कार्डं कामाला आली. हे सकाळपासून बोलतात. खालच्या बाजूला विहीर, तिच्यावर कोण पाणी भरायचं, कोणाची म्हैस कोणाच्या पडवीत शिरायची, सगळं. गिऱ्हाईकंसुद्धा ऐकत उभी राहतात. मासळीवाली सकूबाई म्हणाली, "सुंदरा, तुझा नवरा तर कीर्तनकार झाला गो!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मला ओळखत नाहीत अजून. पण बोलणं परत आलं, मागोमाग ओळख येईल. आधी पाणी तापतं, मग भात शिजतो.

आज मला "मावशी" म्हणाले. आधी काहीच म्हणत नव्हते. म्हणजे सुधारणाच आहे.

आश्विन वद्य, तिथी बघितली नाही

सकूबाईनं सांगितलं की मागच्या गल्लीत धोंडूबाई म्हणून म्हातारी आहे, मूळची मुरबाडची, तिच्या देव्हाऱ्यात असलं कार्ड आहे. मला खोटं वाटलं. देव्हाऱ्यात रस्त्याचा फोटो कोण ठेवतं?

जाऊन बघितलं. खंडोबाच्या टाकाशेजारी कार्ड उभं, त्यावर हळदकुंकवाचा थर. मुरबाडची पेठ, मधोमध. कुंकवाखाली एक पोरगा, डोक्यावर पेटारा.

"माझा धाकलू," म्हातारी म्हणाली. "फोटोवाल्याचा पेटारा त्यानं कल्याणपासनं आणला व्हता. मजुरीवर हा फोटो मिळाला. दुसऱ्या वर्साला पलेगात गेला. दुसरा फोटो नाय त्याचा."

मी सरळ मागितलं. मला आडून बोलता येत नाही.

"नाय," ती म्हणाली.

मीही नाही म्हटलं असतं. उठले. तर पाठीमागून म्हणते, "बघायचा तर बघू दे त्याला. घेऊन येते. देनार नाय."

तिसऱ्या प्रहरी आली, पदरात बांधून. ह्यांच्यापुढं धरलं. ह्यांनी अंगठ्यानं कुंकू पुसलं. मग एकदम चिडले. "धाकल्या! माझी विटी दे!"

म्हातारीनं तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता ही रडून गाव गोळा करणार. तर ती हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. "घेतली व्हती गो त्यानं! पेरूच्या फांदीची विटी. मी चुलीत घातली, सारका खेळायचा म्हनून. चाळीस वर्सांत कोनी त्याला हाक मारली नाय, आन् ह्यो विटी मागतो!"

"दे," हे म्हणाले.

"देईल हां, देईल. आल्यावर देईल."

जाताना कार्ड ठेवून गेली. दिवाळी होईपर्यंत ठेव म्हणाली, पण सांजेला हळदकुंकू लावलं पाहिजे. म्हणजे आता घरात आणखी एक देव. लावते. लावून होताच हे पुसतात.

भाऊबीज

वत्सला आली. भाऊ नाही तिला, म्हणून दर भाऊबीजेला बापाला ओवाळते. हे ओवाळून घेतात शहाण्यासारखे. मग तिला विचारतात, "तुझा बाप कोण?" ती सांगते, "तुमीच." हे हसतात. त्यांना वाटतं पोरगी थट्टा करतेय.

हल्ली आईला विचारतात. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, की सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली. तर असे रडले की आजच गेली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत तेच रडणं. आता सांगते, बाजाराला गेलीय. मग गप्प बसतात. खोटं बोलायला मला आवडत नाही, पण रोज नवं सुतक कोण पाळणार?

वत्सला दोन दिवस बघत होती. आज भांडी घासताना म्हणाली, "आये, बाबा लहान होतायत गो."

"मोठ्यांचं लहान होतंय? तुझं कायतरीच."

"तू कार्ड आणलंस की ते आणिक तिकडं जातात. सगळ्या मुरबाडची नावं सांगतात. एकाबी कार्डात तू नायस गो."

"मी कशी असेन? मी तेव्हा रांगत होते."

ती राखेचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. आईला शिकवायला निघालेल्या पोरी. मी सांगितलं, "चार मिळालीत. दहा झाली की बघ."

कार्तिकी अमावस्या

वत्सलेचं डोक्यातून जाईना. गुप्ते पेन्शनरांकडे गेले. शहापूरची पेठ आहे का विचारलं. होती. डाळ्याचं माप वाढवलं, कार्ड आणलं. आमच्याच दुकानाची ओळ आहे त्यात, आमच्या दुकानाच्या जागी तेव्हा लोहार होता, पण रस्ता तर तोच.

ह्यांनी बघितलं. "हे कुठलं?"

"शहापूर. इथं राहतो आपण."

"बरं गाव आहे," म्हणाले आणि भट्टीत टाकलं. मी बघेपर्यंत वाकून गेलं.

धोंडूबाईचं कार्ड परत करून आले. कुंकू पुसून पुसून धाकलूचं तोंड फिकट झालंय. तिनं जवळ नेऊन बघितलं आणि परत कुंकू लावलं.

मार्गशीर्ष, दुसरा गुरुवार

दुपारी हे नाहीसे झाले. मी चणे भिजत घालत होते, मागं वळले तर जागा मोकळी. टोपी नाही, कार्डंही नाहीत.

सगळी पेठ धावली. किन्हवलीच्या रस्त्याला मला सापडले. एका गाडीवानाला थांबवून त्याच्या तोंडाशी कार्ड धरून विचारत होते, हा रस्ता कुठून जातो. गाडीवान बिचारा म्हणतोय, "आजोबा, ह्यो रस्ता तुमच्या हातात हाये, मी कुठून दाखवू?"

मी हात धरला तर हिसडला. "तू कोण गो? सोड मला. आई वाट बघतेय."

मी हात उगारला. मारला नाही. पण उगारला. लिहून ठेवते, कारण ह्यांना आठवणार नाही आणि गाडीवान सोडून दुसरं कोणी बघितलं नाही.

घरी आणलं. धूळ भरलेले पाय धुतले. पाय धुताना डोक्यात आलं, की हा माणूस घर मागतोय ते उगाच नाही. मीच मिळतील तिथून रस्ते आणून त्याच्या हातात दिले. आता तो चालू लागला तर माझं काय चुकलं? का काहीच चुकलं नाही? थकले. भातासारखं फडफडीत कळत नाही काही.

पौष, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात

धर्मा ठरल्याप्रमाणे आला. भांडायचं ठरवून मी बसले होते. पण त्यानं काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, "नाय ओळखलं."

तो म्हणाला, "वैनी, मला जितल्यासारखं नाय वाटत हां."

"वाटू दे की. जिंकलास."

"मी नेतो उद्या."

"तू नको. मी आणून पोचवते. माझ्या हातानं. तुझ्याबरोबर हे रडत गेले तर पेठ बघेल, आणि मला ते चालणार नाय."

तो नुसतं "हां" म्हणाला आणि रिकामा परत गेला. त्याच्या धोतराला ठिगळ आहे. मला आजच दिसलं. येण्याजाण्याचं भाडं कुठून काढतो कोण जाणे. तापात एकदाच आला होता ते बहुतेक त्यामुळे.

ह्यांची दोन धोतरं, सदरे, घोंगडी बांधली. कार्डं वेगळ्या पिशवीत.

मुरबाड. दुसऱ्या दिवशी, धर्माच्या ओटीवर बसून

आसनगावहून आगगाडीनं कल्याण, तिथून मोटार. मोटार आता कोळशाच्या धुरावर चालते, पाठीमागं बंब बांधलेला. माझ्या भट्टीसारखाच, पण माझी भट्टी निदान जागेवर राहते. चढ आला की सगळ्यांना खाली उतरवतात. हे बसले ते उतरेनात. क्लीनर म्हणाला, "आजोबांना बसू दे, म्हातारीनं ढकलायचं." मी म्हटलं, "म्हातारी तुझी आय." पण ढकलली.

वाटेत पोलीस. डोंगरात चळवळीच्या लोकांचं काय काय झालं म्हणून मुरबाडच्या रस्त्याला सगळ्यांची झडती. हवालदारानं पिशवी उपडी केली. "हे काय? रस्त्यांचे फोटो? कशाला लागतात?"

"ह्यांना घर शोधायला."

हवालदारानं ह्यांच्याकडे बघितलं. हे त्याला म्हणाले, "कासाराची पायरी तुटलीय, जपून." त्यानं कार्डं एकावर एक नीट लावून पिशवीत घातली आणि जा म्हणाला.

धर्मा आणि देवकी दारात उभे होते. देवकीनं गरम पाणी ठेवलेलं. तिनं माझे पाय दाबायला घेतले, मी सोडवून घेतले. मग म्हटलं, दाब बाई, दुखतायत.

हे ओटीवर बसलेत. आढ्याकडे बघतायत. अजून काही बोलले नाहीत. बहुतेक ओळख पटतेय. उद्या सकाळच्या मोटारीनं मी निघणार.

शहापूर. परत आल्यावर

काल झालं ते लिहिते. मोडून तोडून होईल.

सकाळी धर्मा म्हणाला, दादाला पेठ दाखवून आणतो. मीही गेले. एकदाच बघावं म्हटलं, इतके महिने जी हाताळली ती पेठ.

कार्डातलं काही नाही तिथं. कौलांच्या जागी पत्रे. पिठाची गिरणी धडधडतेय. खोजा नाही, अत्तरवाला नाही. विहिरीवर लाकडी झाकण. हे मधोमध उभे राहिले. पिशवीतून एक कार्ड काढलं, दुसरं काढलं, समोर धरलं, खाली घेतलं. एका दुकानदाराला विचारलं, "ही पेठ कुठं आहे?" तो म्हणाला, "हीच की." ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मापात मारणाऱ्याकडे बघतात तसं. मला वाटायचं ती नजर फक्त माझ्या वाट्याची.

मग कार्डं पिशवीत भरली, पिशवी धर्माच्या हातात दिली आणि चालायला लागले. धर्माला वाटलं घराकडे वळतील. वळले नाहीत. मी मागं. माझ्यापेक्षा म्हातारा माणूस, पण मला पळायला लागलं. मोटारी लागतात तिथं जाऊन दगडावर बसले. मी जाऊन शेजारी बसले, धापा टाकत.

मला म्हणाले, "बाई, शहापूरला जायला मोटार इथंच लागते ना?"

मी म्हटलं, "कल्याणपर्यंत मोटार. पुढं आगगाडी."

"तुमी शहापूरच्या?"

"हो."

"बरं झालं. मला हल्ली एकट्याला जमत नाय. घरी जायचंय. बायको एकटी आहे भट्टीवर."

मी म्हटलं, "तुमचं घर मुरबाडात ना?"

"ते बापाचं. आता काय नाय तिथं." हात झटकला. "आमची भट्टी आहे शहापुरात. ती वाळू तापवून बसली असेल. तिला ताव कळत नाय. चणा करपवते आणि माझ्यावर ओरडते."

"कजाग आहे वाटतं."

"तोंडानं." मग जरा पुढं वाकून, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असं, "दुकान बंद झालं की सगळं सांगते मला. सगळ्या गावाचं. मी ऐकतो. अर्धं कळत नाय. पण बरं वाटतं."

"नाव काय तिचं?"

हे लाजले. ह्या वयात. "नाव घेतात काय बायकोचं?"

"मग अशा बायकोला टाकून इथं कसे आलात?"

"मी नाय आलो. एक बाई घेऊन आली. बरी बाई आहे हो, उगाच वाईट कशाला बोलू. आंघोळ घालते, जेवायला घालते. पाय धुते. पण कितीदा सांगितलं, घरी चला, तर नेतच नाय."

मी पदर तोंडाला लावला. धूर होता तिथं, मोटारीचा. नंतर म्हटलं, "मी नेते."

"न्याल? उपकार होतील."

तेवढ्यात धर्मा आला धावत. मी त्याला सांगितलं, "हे घरी चाललेत." तो म्हणाला, "घरी तर..." आणि थांबला. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. धर्मा मठ्ठ नाही, मी त्याला इतकी वर्षं मठ्ठ समजत होते. धावत जाऊन देवकीकडून गाठोडं आणलं. पिशवी पुढं केली.

"ती ठेव तुझ्याकडं," मी म्हटलं. "तुझीबी पेठ आहे ती."

"वैनी, पुढच्या म्हैन्यात येऊ का मी?"

"ये. देवकीला आण. भाड्याचं मी बघते."

मोटारीत हे सगळी वाट बोलत होते. बायको कशी मिरची जास्त घालते. पोरीच्या लग्नात कशी व्याह्यांशी भांडली आणि मग मोरीत जाऊन कशी रडली. ते मी कोणाला कळू दिलं नव्हतं. आगगाडीत म्हणाले, "तुमी आमच्याकडं या एकदा. चुरमुरे बांधून देईन. ती वरून खेकसते, मनावर घेऊ नका." मी म्हटलं, येईन.

पेठेत आलो. कुलूप मी काढलं. माझ्या कनवटीची किल्ली बघून म्हणाले, "तिनं तुमच्याकडं दिली वाटतं."

"हो."

"ती कुठं गेली?"

"येईल," म्हटलं. "तोवर मी बघते सगळं."

"बघा बघा. येईलच. ती जाते कुठं?" असं म्हणत आत गेले, वाळूवर तळहात धरला आणि थंड आहे म्हणून माझ्याकडे बघत बसले.

मी भट्टी पेटवायला घेतली.